मागच्या चाकातून ऐकू येणारा डोंगर

कल्पना करा, तुमच्यासमोर दोन सायकली उभ्या आहेत. दोन्ही डोंगरावर चालवायच्या. पहिलीचं मागचं चाक वीतभर उचला आणि सोडून द्या. ठक्! तो आवाज चाकातून सांगाड्यात, सांगाड्यातून सीटमध्ये आणि तिथून थेट तुमच्या तळहातात येतो. आता दुसरीचं चाक उचला आणि सोडा. फुस्स. चाक टेकतं, सांगाडा झोपेत कुशीवर वळल्यासारखा जरा खाली जातो आणि पुन्हा वर येतो. हाताला काहीच कळत नाही. पहिली तुमची, आठ वर्षांच्या सोबतीची. दुसरी बारा वर्षांची जुनी आणि परक्याची. घरात जागा एकीपुरतीच आहे. एक द्यायची आणि एक घ्यायची. कोणत्या सीटवर हात ठेवाल?

घाई करू नका. ज्याच्यावर ही वेळ आली, त्याला सव्वा महिना लागला होता.

तो आमच्या पाणीपुरवठा खात्यात जमिनीखालची गळती शोधायचं काम करतो. त्याच्याकडे छातीपर्यंत येणारी एक पोलादी काठी आहे, वरच्या टोकाला कानावर बसेल अशी लाकडी वाटी. रस्त्यातलं लोखंडी झाकण उचलायचं, काठीचं टोक खालच्या व्हॉल्व्हवर टेकवायचं, वाटीला कान लावायचा आणि डोळे मिटायचे. आता अशी यंत्रं निघाली आहेत की ती पडद्यावर आलेख काढतात. आमच्याकडे तीही आहेत. पण आलेखावर वाद झाला की साहेब म्हणतात, "कानसेनला बोलवा." खात्यात त्याला दुसरं नावच उरलेलं नाही. एका नव्या साहेबांनी हजेरीपटावरचं त्याचं खरं नाव मोठ्याने वाचलं तेव्हा कोणीच "हजर" म्हणालं नाही. तोही नाही.

मी त्याच खात्यात नळांचे नकाशे काढते. तो माझ्या टेबलापाशी येतो, निळ्या रेघेवर बोट ठेवतो आणि म्हणतो, "इथे. मीटरभर इकडे-तिकडे." खोदलं की पाणी तिथेच निघतं. एकदा मी विचारलं, "दादा, नेमकं ऐकू काय येतं?" तो म्हणाला, "लोखंडी नळ शीळ घालतो. प्लास्टिकचा घोगरा, पलीकडच्या खोलीत कोणीतरी घोरत असल्यासारखा. आणि धडधाकट नळ काहीच म्हणत नाही." मग म्हणाला, "दिवसभर मी फक्त बिघाड ऐकतो बघ. जे ठीक आहे ते माझ्याशी बोलतच नाही."

म्हणून त्याला डोंगर लागायचा.

गाव संपतं तिथे पाण्याच्या मोठ्या टाकीचा डोंगर आहे. सुट्टीच्या दिवशी दुपारी, ऊन तिरकं झालं की तो सायकल घेऊन निघायचा. वर जायला पन्नास मिनिटं, झाडीतल्या पायवाटेने खाली यायला अकरा. त्याची सायकल हार्डटेल होती. म्हणजे पुढच्या चाकावर झटके झेलणारा फोर्क, आणि मागे काही नाही, नुसता कडक सांगाडा. मागच्या चाकाखाली जे येईल ते बिनबोभाट वर चढून स्वाराच्या अंगात शिरणार. इतरांच्या लेखी ही उणीव. त्याच्या लेखी सायकल होती ती तेवढ्याचसाठी. मूळ आलं की टक-टक, दोनदा. बारीक खडी म्हणजे कोणीतरी पत्र्यावर मणी सांडले आहेत. ओली माती आली की अचानक सगळं चिडीचूप, जणू वाट श्वास धरून उभी आहे. आणि टाकीखालच्या लांब वळणावर, जिथे उतार सरळ होऊन वेग वाढायचा, तिथे खालून एक हलकं "हूं" यायचं. ओठ न उघडता कोणी होकार द्यावा तसं. त्या "हूं"पाशी तो ब्रेकवरचं बोट काढायचा.

अकरा मिनिटं तो ऐकायचा, पण शोधायचा काही नाही. कुठे खूण करायची नाही, कुठे खोदायचं नाही. झाडांमधून उजेड पट्ट्यापट्ट्यांनी अंगावरून सरकायचा आणि घरी आला की तासभर त्याला कोणी हाक मारली तरी कळायचं नाही. "आला, पण पोचला नाही अजून," असं त्याची बायको शेजारणीला सांगायची.

मग गेल्या वर्षी एका सकाळी तो झाकण उचलायला वाकला आणि वाकलेलाच राहिला. दोन कामगारांनी त्याला घडीच्या खुर्चीसारखा उचलून गाडीत ठेवला. पाठीचे डॉक्टर चित्र उजेडाला धरून म्हणाले, "कमरेतल्या दोन मणक्यांमधली गादी दबलीय. धक्के बंद. डोंगर सोडा, नाहीतर मागच्या चाकालाही झटके झेलणारं काहीतरी बसवा." हार्डटेलला मागे काही बसवता येत नाही. त्यासाठी सायकलच वेगळी लागते, फुल सस्पेन्शन. नवी घेणं त्यांच्या आवाक्यातलं नव्हतं.

बायको चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते. दिवसभर माणसांच्या नाकावर जड चौकट चढवून एकामागून एक भिंगं बदलायची आणि विचारायचं, हे स्पष्ट की ते? वीस वर्षांत तो प्रश्न तिच्या जिभेवरच बसला आहे. त्या संध्याकाळी त्याला उशीला टेकवून बसवत ती म्हणाली, "डोंगर की सायकल? पहिलं की दुसरं?"

"तिसरं काही नाही का?"

"दुकानात सगळे हेच विचारतात. नसतं."

"तू एक दिवस माझ्या काठीने ऐकून बघ. मग बोल."

"मला झाकणं उचलायची नाहीत. तुझे मोजे उचलते तेवढं पुरे."

पाठ सुधारल्यावरही महिनोन्महिने सायकल भिंतीला टेकून राहिली. मग त्याला सार्वजनिक वाचनालयाच्या फलकावर एक कार्ड दिसलं. अक्षर इतकं वळणदार, की वाटावं पुस्तकाचंच कार्ड चुकून इथे लागलं. "जुनी फुल सस्पेन्शन सायकल, निगा राखलेली. बदल्यात हलकी, साधी डोंगरी सायकल हवी. ग्रंथपालांकडे चौकशी करावी."

ग्रंथपाल बाई अठ्ठावन्न वर्षांच्या, बुटक्या, शब्द मोजून बोलणाऱ्या. बारा वर्षं त्या सुट्टीच्या दिवशी एकट्याच डोंगरावर जायच्या आणि त्याला त्या वाटेवर कधीच भेटल्या नव्हत्या, कारण त्या सकाळी जात आणि तो दुपारी. सायकल साडेपंधरा किलोची. बाई तिसऱ्या मजल्यावर राहतात, लिफ्ट नाही, आणि उजवा खांदा धरलेला. म्हणून ती इतकी वर्षं वाचनालयाच्या तळघरात असायची. आता दोन महिन्यांत निवृत्ती. तळघराची किल्ली द्यावी लागणार. खांद्यावरून तीन मजले चढवता येईल अशी सायकल मिळाली नाही, तर बाईंचाही डोंगर संपणार होता.

तळघरात वर्तमानपत्रांचे जुने बांधीव खंड ओळीने झोपलेले. उंचावरच्या एकुलत्या खिडकीतून रस्त्यावरच्या पावलांच्या सावल्या आत येत आणि खंडांच्या पाठींवरून चालत जात. मधोमध सायकल. ती झाकायला बाईंनी जुना पडदा शिवून घेतला होता.

"ही काठी कशाला आणलीत?" बाईंनी विचारलं.

"ऐकायला."

"सायकल?"

"हो."

"सहसा लोक बसून बघतात."

सायकलच्या पोटात मागच्या चाकाचे झटके झेलणारा शॉक असतो, पंपासारखी नळी, आत दाबाने भरलेली हवा. त्या नळीवर त्याने काठीचं टोक टेकवलं, वाटीला कान लावला आणि डोळे मिटले. बाई खंडांना टेकून उभ्या राहिल्या. वरच्या वाचनकक्षात कोणीतरी खुर्ची सरकवली.

"हवा गळतेय," तो म्हणाला.

"शक्य नाही. परवाच दाब बघितलाय मी."

"बारीक आहे. पण आहे. सतत."

"अहो, बारा वर्षं मी तिच्यावर बसतेय."

"मी एकवीस वर्षं ऐकतोय, बाई."

बाईंनी त्याच्याकडे एकदा चष्म्यातून आणि एकदा चष्म्यावरून पाहिलं. मग पडदा उचलून सायकलवर घातला. जुन्या शॉकमधली हवा अडवणारी रबरी रिंग आता मिळत नाही, हे दोघांनाही माहीत होतं. "मग राहिलं," त्या म्हणाल्या.

घरी बायकोने दारातच विचारलं, "काय झालं?"

"गळकी निघाली."

"अरेरे. मग हे गाणं कसलं?"

"कसलं गाणं?"

"जिन्यात गुणगुणत होतास. आता बूट काढतानाही. सायकल खराब निघाली की माणसाचं तोंड उतरतं. तुझं बघ, लग्नातसुद्धा इतकं खुललं नव्हतं."

तो आत गेला आणि भिंतीशी उभ्या असलेल्या हार्डटेलच्या सीटवरची धूळ त्याने तळव्याने पुसली.

पाचव्या दिवशी वाचनालयातून फोन आला. बाई वाचून दाखवावं तसं बोलल्या. "सोमवारी दाब एकशे साठ. आज शुक्रवार. एकशे सत्तावन्न. पंप लावताना-काढताना तेवढी हवा जातेच, हे तुम्हालाही ठाऊक असेल. बारीक पण सतत गळणारी सायकल पाच दिवसांत इतकी टणक कशी राहिली, हे तुम्ही येऊन सांगावं. सायकल घेऊ नका हवं तर. पण तिच्यावर आळ राहायला नको."

त्या रात्री तो जेवला नाही नीट. कान चुकला, हे त्याला एकवीस वर्षांत कोणी म्हटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्याने तळघरात पुन्हा काठी टेकवली. तोच आवाज. बारीक, सतत. मग आपण कुठे उभे आहोत हे त्याने प्रथमच पाहिलं. त्याने बाईंकडे पट्टा मागितला, तुळईवरून टाकला आणि सायकल जमिनीपासून हातभर वर टांगली. संथ झोके घेत ती थांबली. त्याने शॉकवर काठी लावली. काही नाही. पट्टा सैल करून चाकं फरशीला टेकवली. पुन्हा सुरू. त्याने काठी सायकलवरून काढली आणि सरळ फरशीवर रोवली. आता आवाज दुप्पट.

तो हसलाच. "बाई, गळतंय खरं. पण तुमचं नाही, आमचं."

त्याने मला फोन केला. "वाचनालयाखालून काय जातं?"

मी नकाशा बघून सांगितलं, "काही नाही. सगळ्यात जवळची लाइन आठ मीटरवर."

"जुना नकाशा काढ."

जुन्या नकाशावर एक फांदी निघाली. आधीच्या इमारतीसाठी टाकलेली आणि नंतर बंद केल्याची नोंद असलेली. नोंद झाली होती, नळ बंद करायचा राहिला होता. दोन दिवसांनी खोदलं तेव्हा करंगळी जाईल एवढं भोक सापडलं. वर्तमानपत्रांच्या सगळ्यात खालच्या फळीवरचे खंड पाठीमागून ओलसर व्हायला लागले होते. आणखी काही महिन्यांत त्यांचा लगदा झाला असता. साहेबांनी त्याची पाठ थोपटली, तीही जपून. मी नकाशात नवी रेघ घातली.

तो मात्र माझ्या टेबलापाशी येऊन खालच्या आवाजात म्हणाला, "आवाज मी बरोबर ऐकला होता गं. पण तो कोणाचा, हे मी आधीच ठरवून गेलो होतो. ती सायकल खोटी निघायला हवी होती मला." आणि नेहमी ठेवतो तसं रेघेवर बोट न ठेवताच निघून गेला.

आता पळवाट उरली नव्हती. तो बाईंकडे गेला आणि म्हणाला, "बसून बघतो."

बाईंनी खणातून परतीची चिठ्ठी काढली, पुस्तकांच्या मागे चिकटवतात तसली, तिच्यावर चौदा दिवसांनंतरची तारीख शिक्क्याने उमटवली आणि सायकलच्या हँडलला दोऱ्याने बांधली.

"उशीर झाला तर?"

"उशीर करणारे मला चेहऱ्यावरून कळतात. तुम्ही त्यातले नाही. तुम्ही पुस्तक न वाचता परत करणारे."

पहिल्या उतारावर त्याला वाटलं, कोणीतरी कानात कापूस घातला आहे. मुळं आली आणि गेली, टक-टक झालं नाही. खडी चाकाखालून सरकली, जणू दुसऱ्याच कोणाच्या सायकलखाली. चाकं जुन्या मापाची, लहान, त्यामुळे सायकल वळणांवर मांजरासारखी वळत होती. पण डोंगर गप्प. टाकीखालचं वळण आलं. त्याने बोट ब्रेकवरून काढलं आणि वाट पाहिली. काही नाही. तो पुन्हा चढून गेला, पुन्हा उतरला. तिसऱ्यांदा गेला. "हूं" आलंच नाही.

पण तिसऱ्या वेळी दुसरंच काही झालं. कान रिकामे होते म्हणून असेल, त्यात हळूहळू बाकीचं भरायला लागलं. सदऱ्याची फडफड. मागच्या चाकाची बारीक टिकटिक. डावीकडे, झाडीच्या खूप आत, वाहणारं पाणी. आठ वर्षांत त्याला ठाऊकही नव्हतं की तिथे ओढा आहे. ते पाणी कुठूनही गळत नव्हतं, आपलं आपलं चाललं होतं. त्याला लहानपणी बाबांच्या पाठीवर झोपून घरी आणलं जायचं ते आठवलं. रस्ता खाली कुठेतरी असायचा, पावलं दुसऱ्याची, आणि गाल उबदार सदऱ्याला टेकलेला. उजेडाचे पट्टे डोळ्यांवरून जात होते. खाली पोचला तेव्हा आपण कधी उतरलो हे त्याला सांगता आलं नसतं.

सोमवारी त्याने एकोणीस झाकणं उचलली. पाठीने एकदाही आठवण करून दिली नाही.

तरी मन मानेना. पुढच्या सुट्टीला त्याने बायकोचीच रीत धरली. तीच वाट, तोच वेग, फक्त सायकल बदलली, हार्डटेल. कडक सीटवर बसताच डोंगर धबाधबा बोलायला लागला. मुळं, खडी, ओली माती, सगळे जुने आवाज भराभरा अंगात चढले, आणि वळणावर खालून आलं, "हूं." त्याचे डोळे भरून आले. घरी येऊन त्याने बायकोला सांगितलं, "आहे. गेलं नाही ते."

"काय?"

"काही नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो पलंगाच्या कडेवर बसला होता. एक मोजा हातात, आणि पाऊल इतकं लांब की जणू शेजारच्या गावात. बायको दुकानाची पर्स खांद्याला अडकवून दारात उभी राहिली. पर्स खाली ठेवली, गुडघ्यावर बसली, त्याच्या हातातून मोजा घेतला आणि पायात चढवला. मग दुसरा. टाचेपाशी सुरकुती राहिली होती, ती बोटाने सारखी केली. पहिलं की दुसरं, असं तिने विचारलं नाही.

"दुसरं," तो म्हणाला.

"काय दुसरं?"

"दुसरं स्पष्ट आहे."

तिने वर पाहिलं. "नक्की? घाई नाही. पुन्हा बदलून बघू शकतोस."

"नको. पुन्हा बघितलं तर पहिलंच आवडेल मला."

चौदाव्या दिवशी तो वाचनालयात गेला, हार्डटेल घेऊन. आदल्या रात्री त्याने तिची साखळी पुसली होती आणि सीट बाईंच्या उंचीला खाली केली होती. बाईंनी ती डाव्या खांद्यावर घेतली, तळघराच्या पायऱ्या चढून वर गेल्या, पुन्हा उतरून आल्या. धाप लागली होती, पण चेहरा शाळेतल्या मुलीचा. "तिसरा मजला जमेल," त्या म्हणाल्या. मग हँडलवरची चिठ्ठी सोडवून त्यांनी तिच्यावर दुसरा शिक्का मारला: "रद्द."

त्याच आठवड्यात दोघं एकदा बरोबरच डोंगरावर गेली. बाईंनी आपली सकाळची वेळ सोडली आणि त्याच्या दुपारच्या वेळेला आल्या. तो आधी उतरला आणि पायथ्याशी थांबला. थोड्या वेळाने झाडीतून खडखडाट ऐकू आला आणि पाठोपाठ बाई. केस विस्कटलेले, चष्मा नाकाच्या शेंड्यावर.

"अहो, हा डोंगर केवढा बडबडतो!" त्या ओरडल्याच. "बारा वर्षांत एक शब्द बोलला नव्हता माझ्याशी!"

त्याने त्यांना पाणी दिलं. पाणी पिऊन होईपर्यंत धीर धरला. मग विचारलं, "टाकीखालच्या वळणावर काही ऐकलंत?"

"तिथे? तिथे काय होतं?"

"बोट ब्रेकवरून काढलं होतंत का?"

"वेड लागलंय का मला? दोन्ही हातांनी आवळला होता ब्रेक. माझेच दात वाजत होते, ते ऐकले."

"पुढच्या वेळी सोडून बघा. एकदाच. आणि मला सांगा."

"काय ऐकू येणार आहे पण?"

ते त्याला सांगायचं नव्हतं. आधी सांगितलं तर बाईंना तेच ऐकू येईल, हे तो तळघरात शिकला होता.

आता त्याची पाठ ठीक आहे. दर सुट्टीला जातो, उतरतो, आणि घरी येऊन तासभर हाक ऐकू न येण्याची त्याची जुनी सवय परत आली आहे. फक्त त्या वळणावर तो थांबतो. बाईंकडून घेतलेली सायकल झाडाला टेकवतो, पाठीवर बांधून आणलेली पोलादी काठी सोडतो आणि पायवाटेत रोवून वाटीला कान लावतो. डोंगर काहीच म्हणत नाही. धडधाकट नळासारखा.

परवा तो माझ्या टेबलापाशी आला. नकाशावर झाकणासारखा हात पालथा ठेवून म्हणाला, "तू शिकलेली आहेस. सायकलचा सांगाडा एका ठरावीक वेगाला आपणहून घुमू शकतो का?"

"शकतो," मी म्हटलं. "नळी पोकळ असते. वेग जुळला की घुमते."

"आणि जमीन?"

"तीही. खाली पोकळी असली तर."

त्याने नकाशावरचा हात उचलला. बाईंनी अजून बोट सोडलेलं नाही. त्या म्हणतात, धीर झाला की कळवते. तोवर तो विचारत राहणार आहे. मला, बायकोला, वळणावरच्या त्या झाडाला: आठ वर्षं त्याला "हूं" कोण म्हणत होतं, डोंगर की सायकल?